ज्याचं त्याला

एजंट भला माणूस होता. तीन गिऱ्हाइकं आली तशी परत गेली, तेव्हा त्याने मला जिन्यात गाठून हळूच सांगितलं, "ताई, फ्लॅट चांगला आहे. फक्त तो दिसत नाही."

त्याचं खरं होतं. ठाण्याला नौपाड्यात, विष्णूनगरमध्ये आमचं घर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे एक चिंचोळी गॅलरी. आई-अण्णा इथे १९७६ साली राहायला आले तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि धाकटा भाऊ सहा. अण्णा २०११ मध्ये गेले. त्यानंतर आई एकटी राहायची, पण गेल्या पावसाळ्यात तिचे गुडघे इतके धरले की महिनाभर ती खाली उतरलीच नाही. भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर यायची. शेवटी ठरलं, आई माझ्याकडे खारघरला येणार आणि हे घर विकायचं. भाऊ बंगळुरूला असतो. तो फोनवर म्हणाला, "ताई, तू म्हणशील तसं." ऐकायला फार गोड वाटतं हे. याचा अर्थ "सगळं तू कर" असा असतो.

मी बँकेत ३४ वर्षं काढली, त्यामुळे कामाला पद्धत हवी हा माझा हट्ट. जानेवारी २०२५ च्या पहिल्या शनिवारी तीन रंगांचे स्टिकर घेऊन मी ठाण्याला पोचले. हिरवा म्हणजे न्यायचं, पिवळा म्हणजे कुणाला तरी द्यायचं, लाल म्हणजे टाकायचं. दर शनिवार-रविवार यायचं आणि मार्चअखेर घर मोकळं करायचं, असा हिशेब. आईला हॉलच्या मधोमध खुर्ची दिली. गॅलरीपासून सुरुवात केली. तिथे कोपऱ्यात एक तांब्याचा बंब उभा होता, काळाठिक्कर, झाकण हरवलेला, आत जुन्या चपला आणि एक फुटकी कुंडी. मी पिवळा स्टिकर काढला.

"तो आपला नाही," आई म्हणाली.

"मग कोणाचा?"

"पनवेलच्या भाऊजींचा. ठेवायला दिलाय."

"कधी?"

"बघून सांगते."

बघून सांगते? मला वाटलं, वय झालं हिचं. पण तिने मला माळ्यावर चढायला लावलं आणि जुन्या परकराच्या नाड्यांनी बांधलेले चार गठ्ठे खाली काढायला सांगितले. ती कालनिर्णयं होती. १९७७ पासून २०२४ पर्यंतची, एकही वर्ष न गाळता, ४८.

त्या चौकोनांत दूध किती, गॅस कधी लावला, बाई कधी आली नाही, हे सगळं होतंच. ते सगळ्यांच्या घरी असतं. पण आईच्या कालनिर्णयात मधूनमधून एक वेगळी ओळ होती आणि तिच्याभोवती पेन्सिलीने चौकट. "भाऊजींचा बंब १ आला. झाकण नाही." नोव्हेंबर १९८४. झाकण आमच्याकडे हरवलेलंच नव्हतं. ते आलंच नव्हतं, आणि आईने तशी नोंद करून ठेवली होती.

बँकेत आमच्याकडे 'सेफ कस्टडी' नावाचं रजिस्टर असायचं. लोकांनी सांभाळायला दिलेले सीलबंद लखोटे, डबे त्यात चढवायचे. परत नेले की तिथेच सही. मी ते रजिस्टर कित्येक वर्षं लिहिलं. माझी आई तेच काम घरात भिंतीवर करत होती याचा मला पत्ता नव्हता.

आमच्या घराची जागाच तशी. ठाणे स्टेशन चालत दहा मिनिटांवर आणि दुसऱ्या बाजूला वंदनाचा एसटी स्टँड. कोकणात जाणारे, कोकणातून येणारे, मुलगी बघायला आलेले, हॉस्पिटलला आलेले, परीक्षेला आलेले, सगळ्यांचा मुक्काम आमच्याकडे. जाताना हात भरले की "वहिनी, एवढं राहू दे, पुढच्या खेपेला नेतो." डोंबिवलीला, बदलापूरला नवं घर होईपर्यंत "तेवढी दोन भांडी". चाळीतली खोली सोडताना "जरा चार महिने". १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि एसटीसाठी ठाण्याला मुक्काम करायची गरज हळूहळू संपली. नोंदीही त्या सुमारास विरळ होत गेल्या. पण जे आलं होतं ते आलंच होतं.

त्या शनिवारी एकही स्टिकर लागला नाही. आम्ही दोघी रात्री अकरापर्यंत कालनिर्णयं चाळत बसलो आणि एका वहीत यादी केली. परत गेलेल्या वस्तूंवर आईने त्या-त्या वेळी बरोबरची खूण केलेली होती. खूण नसलेल्या नोंदी निघाल्या ६१. साडेचारशे फुटांच्या घरात ६१ ठेवी. मी चौथा स्टिकर आणला, निळा. त्याचं नाव आईनेच ठेवलं: 'ज्याचं त्याला'.

पुढचे दोन आठवडे मी सारखे फोन केले. खारघरहून ठाण्याला येताना लोकलमध्ये, खिडकीशी बसून, एकेक नातेवाईक. "नमस्कार काका, तुमचा बंब आमच्याकडे आहे." पलीकडे आधी शांतता. मग "अगंबाई, तो अजून आहे?" मग दहा मिनिटं बंबाच्या आठवणी: त्यात गोवऱ्या कशा घालायचे, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आधी कोण यावरून कशा मारामाऱ्या व्हायच्या. आणि शेवटी, "पण आता आमच्याकडे जागा कुठे गं? तूच बघ काहीतरी."

प्रत्येक फोन असाच. सगळ्यांना सगळं आठवत होतं आणि कुणालाच काही नको होतं. मला चीड यायला लागली. एवढे गहिवरता तर न्या की! एका मावसभावाने तर पाटांचा फोटो मागवला, तो घरच्या ग्रुपवर टाकला, त्याला चौदा जणांनी हात जोडले, आणि पाट आमच्याच गॅलरीत. मी आईला म्हटलं, "बघ तुझी माणसं. चाळीस वर्षं फुकट गोदाम वापरलं."

आई काही बोलली नाही. तिने फक्त वही माझ्याकडे सरकवली आणि नव्वदच्या पुढची पानं बघ म्हणाली. मी आत्तापर्यंत ती भरभर उलटली होती.

"ताईची कॉलेजची पुस्तकं, खोके ३." १९९१, माझं लग्न झालं ते वर्ष. "ताईकडचा पाळणा व दुपटी." १९९६. "ताईचं जुनं मिक्सर, दुरुस्तीचं." "ताईकडचे लग्नात आलेले सेट ४, न उघडलेले." "जावयांची सायकल." "ताईचा व्यायामाचा पट्टा." २००३ साली आम्ही खारघरला घर घेतलं तेव्हा तर एका चौकोनात मावलं नाही म्हणून तिने बाण काढून समासात लिहिलं होतं. ६१ पैकी २३ नोंदी माझ्या. गोदामाची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक मीच निघाले, आणि एवढी वर्षं दिवाळीला घरी आले की "आई, किती पसारा गं हा" असं म्हणणारीही मीच.

त्या दिवशी मी मुकाट्याने माझे खोके उघडले. कॉलेजच्या अर्थशास्त्राच्या नोट्स, रद्दी. न उघडलेल्या सेटांपैकी दोन आत गंजलेले. मिक्सर कुणीच दुरुस्त केला नसता. पाळणा मात्र शिसवी होता, सांधे अजून घट्ट. तो आमच्या मजल्यावरच्या नव्या सुनेने नेला. आईने १९९६ चं कालनिर्णय काढून खूण केली. मला हसू आलं, पण तेही मुकाट्यानेच.

या सगळ्यात कागदांचं एक वेगळंच प्रकरण झालं. घर विकायला काढणाऱ्या कुणालाही मी आता हेच सांगते: रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी कागद. मी उलटं केलं. दुसऱ्याच आठवड्यात उत्साहाने रद्दीवाला बोलावला. त्याने जिन्याच्या तीन खेपा करून ६२ किलो नेली. निम्म्याहून जास्त दिवाळी अंक, अण्णांनी तीस वर्षं जमवलेले. एका वाचनालयात आधी विचारलं होतं. त्यांनी सभ्यपणे सांगितलं की सुट्ट्या अंकांना जागा नाही, एखाद्या मासिकाचे सलग अंक असतील तर बघू. सलग नव्हते. गेले.

संध्याकाळी वकिलाचा फोन. बिल्डरबरोबरचा मूळ करारनामा लागेल, झेरॉक्स चालणार नाही, घेणाऱ्याचं कर्ज आहे आणि त्याच्या बँकेला सगळी मूळ कागदपत्रं हवीत. शेअर सर्टिफिकेट आईच्या कपाटात होतं, पन्नास रुपयांचे पाच शेअर, मागच्या बाजूला सोसायटीचे शिक्के. पण १९७५ चा करारनामा? कपाटात नाही, देवघराच्या खणात नाही, गादीखाली नाही. तेवढ्यात आई अगदी शांतपणे म्हणाली, "अण्णा तो अंकात ठेवायचे. घडी पडू नये म्हणून."

रद्दीच्या दुकानाचं शटर बंद होतं. मूळ करार हरवला तर काय होतं ते मला ठाऊक होतं: पोलिसात तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकतींसाठी वाट बघणं, आणि एवढं करूनही समोरच्या बँकेच्या वकिलाने नाक मुरडायचं ते मुरडायचंच. मी स्वतः काउंटरच्या त्या बाजूला बसून कितीदा मुरडलं होतं. रात्री झोप लागली नाही. रविवारी सकाळी साडेसातला मी दुकानाच्या पायरीवर. नशीब, त्याचा गोदामाचा टेम्पो सोमवारी यायचा. दोन तास त्या गठ्ठ्यांवर बसून मी आणि त्याचा पोऱ्या एकेक अंक उलटा धरून झटकत होतो. एका अंकातून लग्नपत्रिका पडली, एकातून मोरपीस, एकातून माझं सातवीचं प्रगतिपुस्तक (गणितात चौतीस, अण्णांनी ते आईपासून लपवलं होतं हे उघड आहे). करारनामा सापडला तो अगदी मोठ्या आकाराच्या एका अंकात, मधल्या रंगीत पानांच्या आत, इस्त्री केल्यासारखा सरळ.

त्याच अंकात पावत्यांचं एक पाकीट निघालं. २००४ साली स्वयंपाकघराचा ओटा आणि लाद्या बदलल्या होत्या, त्याची बिलं. मी ती टाकणारच होते, पण सीएने सांगितलं, ठेवा. जुन्या घराची किंमत करासाठी धरताना १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य घेता येतं, आणि त्यानंतर घरात केलेल्या सुधारणेचा खर्चही दाखवता येतो, पण पुरावा हवा. अण्णांना हे माहीत असण्याचं कारण नाही. ते कुठलीच पावती टाकत नसत, एवढंच.

आणखी एक सव्यापसव्य होतं. फ्लॅट अण्णांच्या नावावर, सोसायटीत नॉमिनी आई. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे वाक्य मी बँकेत हजारदा लोकांना ऐकवलंय. नॉमिनीने वारसांच्या वतीने सांभाळायचं असतं. वारस आम्ही तिघं. म्हणून भावाने आणि मी आईच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं, दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंदणी केली. त्यासाठी भाऊ दोन दिवस आला. हे सगळं मी आईला समजावून सांगत होते. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे चौदा वर्षं हे घरही माझ्याकडे ठेवायलाच दिलेलं होतं."

मला उत्तर सुचलं नाही. कायद्याने ते बऱ्यापैकी बरोबर होतं.

भांड्यांना चार शनिवार लागले. एकेकाळी भांडं विकत घेतलं की दुकानदार विचारायचा, "नाव काय घालायचं?" आणि टर्रर्र आवाज करणाऱ्या यंत्राने ठिपक्याठिपक्यांत नाव घालून द्यायचा. त्यामुळे भांड्यांच्या बाबतीत कालनिर्णयाचीही गरज पडली नाही. 'चि. बाळ यास मुंजीनिमित्त' असा एक तांब्या होता. हा बाळ आता सत्तरीचा आहे आणि बोरिवलीत राहतो. त्याला फोन केला तर तो स्वतः आला, तांब्या हातात घेऊन बराच वेळ नाव चाचपत बसला, आणि खरोखर घेऊन गेला. आपलं आपण येऊन नेणाऱ्या तिघांत हा पहिला. एका परातीवर 'कै. माईंच्या स्मरणार्थ' होतं. या माई कोण, ते आईलाही सांगता येईना. एका भल्यामोठ्या पातेल्यावर 'गणेशोत्सव १९८१', ते बिल्डिंगचं. त्यात एकेकाळी मसालेभात व्हायचा. मी ते सोसायटीच्या ऑफिसात नेऊन ठेवलं. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, आता आपण केटरर सांगतो." मी म्हटलं, "सांगा. पण पातेलं तुमचं." त्यांनी ते पाण्याच्या पंपाच्या खोलीत ठेवलंय.

मालकांनी "तूच बघ" म्हटलेली तांब्या-पितळेची भांडी मी जांभळीनाक्याला मोडीत दिली. तिथला हिशेब सरळ असतो, फक्त आपण सरळ धरायचा नसतो. आधी वजन, मग कल्हई आणि डाग दिलेल्या जागांची घट, मग भाव. दोन दुकानांत किलोमागे चाळीस रुपयांचा फरक पडला, म्हणून तिसऱ्यात गेले. बंबाचे पैसे मी पनवेलच्या काकांना पाठवले. आईने तसंच बजावलं होतं: वस्तू त्यांची, मोडही त्यांची.

कपड्यांसाठी बोहारीण. मला वाटलं होतं आता त्या येत नाहीत, पण खालच्या काकूंकडे अजून एक येते, डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन. ती जिने चढून आली, पाणी प्यायली, आणि आईच्या साड्या एकेक करून उजेडाला धरून बघू लागली. जिथे विरलेली, तिथे बोट घालून दाखवायची. सतरा साड्या, अण्णांच्या सहा पँटी, दोन बेडशीट. या सगळ्याचे तिने देऊ केले एक स्टीलचं पातेलं आणि एक घमेलं.

"मला भांडं नको," मी म्हटलं. "आम्ही घर रिकामं करतोय. पैसे दे."

"पैसे न्हाई देत ताई आमी. भांडंच घ्यावं लागंल."

"अगं, मग कपडे तसेच ने. काही देऊ नकोस."

यावर ती उठूनच उभी राहिली. फुकट घ्यायला ती काय भीक मागायला आलीय का? मी गोंधळले. तेवढ्यात आई खुर्चीतून पुढे सरकली आणि म्हणाली, "पातेल्याचा बूड बघू. पातळ आहे. त्याच्याबरोबर झाकण दे आणि घमेल्याऐवजी तो डबा." पाऊण तास घासाघीस. आईच्या चेहऱ्यावर मी एवढं तेज कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. शेवटी पातेलं, झाकण, डबा आणि वर एक गाळणी. घर आवरायला काढल्यापासून आमच्याकडे आलेल्या या चार नव्या वस्तू. त्यांच्यावर हिरवा स्टिकर आईने स्वतः लावला.

डाळीच्या एका जुन्या डब्यात तळाशी पाकीट सापडलं. वर आईच्या अक्षरात 'भिशी, दुसऱ्या मजल्याच्या काकू'. आत पाचशेच्या तीन जुन्या नोटा. या काकू २०१५ मध्ये मुलीकडे नाशिकला गेल्या, जाताना शेवटचा हप्ता त्यांच्या हातात द्यायचा राहिला. पुढच्याच वर्षी, ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी. त्या दिवसांत मी बँकेत रात्री दहापर्यंत रांगा उपसत होते आणि आईला रोज फोनवर विचारत होते, काही राहिलं का, काही राहिलं का. "अगं, मग तेव्हा का नाही दिल्यास?"

"माझे होते ते दिले. दुसऱ्याचे पैसे मी माझ्या खात्यात कसे भरू?"

जुन्या नोटा दहापेक्षा जास्त बाळगणं कायद्याने गुन्हा आहे. आमच्याकडे तीन होत्या, म्हणजे आई वाचली. तिने मला काकूंना दीड हजार मोबाइलवरून पाठवायला लावले. काकूंनी ते परत पाठवले. आईने पुन्हा पाठवायला लावले. हे तीनदा झालं. शेवटी काकूंनी फोन केला, दोघी तासभर बोलल्या, आणि पैसे कुणाकडे राहिले ते मला आता आठवत नाही.

बाकीचं पटापट उरकलं. प्लास्टिकच्या पिशव्या भरलेल्या पिशव्या, आइस्क्रीमचे डबे, झाकणं एकीकडे नि बरण्या दुसरीकडे, मुदत संपलेली औषधं, दोन व्हीसीआर. गॅसची दोन सिलिंडरं आणि रेग्युलेटर एजन्सीला परत केले. डिपॉझिटचं जुनं व्हाउचर अण्णांनी जपलं होतं, त्यावर छापलेली रक्कम परत मिळाली, तेवढ्यात आता दोन वडापाव येतील. लोखंडी कपाट जिन्यातून उतरेना; ते वर आणलं तेव्हा जिन्याला ग्रिल नव्हतं. हमालांनी त्याची दारं काढली, पाय काढले, मजल्यामागे वेगळे पैसे घेतले आणि वळणावर भिंतीचा एक टवकाही.

घर घेणारं कुटुंब चांगलं निघालं. मोकळ्या घरात आले, तेव्हा तो मुलगा एजंटला म्हणाला, "मागच्या वेळी ही खिडकी नव्हती." होती; तिच्यासमोर शोकेस होतं. त्याची आई सरळ स्वयंपाकघरात गेली. तिथे फक्त पाटा-वरवंटा उरला होता. तो कुणाला नको होता आणि झाडाखाली टाकून द्यायला आई तयार नव्हती. बारशाला ज्या वरवंट्याला कुंची घालून मांडीवर घेतलं, तो रस्त्यावर कसा टाकायचा? त्या बाईंनी वरवंटा उचलून बघितला, वजन अजमावलं, आणि म्हणाल्या, "हा राहू द्याल का इथेच?" आई त्यांना बसायला खुर्ची शोधू लागली. घरात खुर्ची उरली नव्हती.

देव शेवटी हलवले. टाक भावाने नेले, कुळाचे म्हणून. बाकी तसबिरींचं काय करायचं यावर आमचं थोडं वाजलं. लोक पिंपळाखाली नेऊन ठेवतात ते मला बघवत नाही. आम्ही फ्रेमा आणि काचा काढल्या, चित्रं एका पाकिटात घातली, ती माझ्याकडे आहेत. आईने अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण तेवढे पदरात गुंडाळले. मी सवयीने विचारलं, "हे कोणाचे?"

"हे माझे. माहेरून आणलेले."

दोन महिने मी त्या घरात हेच विचारत होते. 'माझे' हे उत्तर पहिल्यांदा आलं. त्यानंतर विळीच्या वेळी आलं. बस्स.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात वहीत एकच नोंद उरली. मे १९८३: "वन्संची ट्रंक १ (कुलूपबंद), शिवणयंत्र १." शिवणयंत्रावर खूण होती, ते १९९० ला गेलं. ट्रंक होती, कॉटखाली. अण्णांची ही धाकटी बहीण लालबागला राहायची, यजमान गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. वर्ष-सव्वा वर्ष त्यांनी कसंबसं काढलं आणि मग खोली सोडून चिपळूणजवळ गावी गेले. जाताना एक रात्र आमच्याकडे होते. मला आठवतं, आत्या जेवली नव्हती. "सहा महिन्यांत गिरणी सुरू झाली की येतोच," म्हणाली होती.

आतेभावाला फोन केला. तो म्हणाला, "मामीला सांग, कुलूप फोडा नि काय असेल ते टाकून द्या. आईला काही आठवत नाही आता." भाऊही म्हणाला, फोडू. मी ट्रंक हलवून बघितली. आत काहीतरी मऊ सरकलं आणि काहीतरी किणकिणलं. खोटं कशाला बोलू, मलाही बघायचं होतं.

आईने पकड माझ्या हातातून काढून घेतली. "कुलूप आपलं नाही," म्हणाली, आणि आत्यालाच फोन लाव म्हणाली. आत्याला ऐकू कमी येतं. आई ओरडून-ओरडून बोलत होती, रिकाम्या घरात आवाज घुमत होता. "वन्सं, तुमची ट्रंक! ट्रंक! आम्ही घर सोडतोय!" पलीकडून बराच वेळ काही नाही. मग आत्याचा आवाज, अगदी स्वच्छ: "असू दे गं वहिनी तुझ्याकडे. मी येऊन घेऊन जाईन."

"बरं," आई म्हणाली.

कालनिर्णयांच्या गठ्ठ्यांबद्दल मला काळजी होती. एवढ्या वर्षांचं अक्षर, जपून ठेवावं असं मला वाटत होतं. खारघरला मी त्यासाठी एक कप्पाही रिकामा केला होता. आईने त्याच रद्दीवाल्याला बोलावलं. "हिशेब मिटला की वही कशाला?" १९८३ चं तेवढं तिने काढून घेतलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी टेम्पो खारघरला आला. ट्रंक आईच्या कॉटखाली गेली. ती आत बसावी म्हणून कॉटच्या पायांखाली विटा द्याव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुढी उभारून आत आले तर आई स्वयंपाकघरात माझ्या कालनिर्णयापुढे उभी, हातात पेन्सिल. मी आमच्याकडे कालनिर्णयावर काही लिहीत नाही, मोबाइलवर लिहिते. तीस मार्चच्या चौकोनात छापलेल्या मजकुराखाली थोडी जागा होती. तिथे तिने लिहिलं होतं, "वन्संची ट्रंक १ (कुलूपबंद) आली. दूध दीड लिटर." आणि चौकट ओढत होती.